गाडीला आवाज बसवला

आमच्या ह्यांनी सगळं आयुष्य गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्या कानांनी केल्या. बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात, हे आधी डोळे मिटायचे. गिऱ्हाईक दारात आलं की हात वर करून म्हणायचे, "बंद करू नका, चालूच राहू द्या," आणि मान तिरकी करून उभे राहायचे. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि निकाल द्यायचा. "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बसत नाही." खोलून पाहावं तर तिसऱ्याचाच निघायचा. बाजारात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. मी अहो म्हणते, आणि राग आला की तेही म्हणत नाही.

तर अशा माणसाचे कान गेले. गेले ते इतके हळूहळू, की मला कळलं, मुलाला-सुनेला कळलं, शेजाऱ्यांना कळलं, पेपर टाकणाऱ्याला कळलं, कळलं नाही ते फक्त ह्यांना.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं. सांगा की तुम्ही! मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटलं की जो तो शेजाऱ्याकडे बघतो. मुलाने एकदा धीर करून विषय काढला होता. "बाबा, कान तपासून घेऊ या का? या वयात सगळेच घेतात." तो मोठ्याने बोलला, त्यामुळे ह्यांना नेमकं ऐकू आलं. "माझे कान?" हे म्हणाले. "अरे, या कानांच्या जिवावर तू शिकलास, लग्न केलंस, आणि आता मला कान शिकवतोस?" मुलाने विषय तिथेच सोडला. ते खोटंही नव्हतं.

ह्यांचा स्वतःचा मात्र वेगळाच समज झाला होता. वर्कशॉप बंद केल्यावर हाताला काम हवं म्हणून हे रोज आमच्या जुन्या गाडीचं काहीतरी करत बसायचे. आज व्हॉल्व्ह, उद्या इंजिनाखालची रबरं, परवा सायलेन्सर. आणि जसजसं ऐकू येईना तसतशी ह्यांची खात्री पटत गेली की गाडी आपल्या कामामुळेच शांत होत चालली आहे. आल्या-गेल्याला अंगणात नेऊन दाखवायचे. "सांगा, इंजिन चालू आहे की बंद?" तिकडे गाडी पत्र्याच्या डब्यात खडे टाकल्यासारखी वाजत असायची. पाहुणे माझ्याकडे बघायचे, मी आभाळाकडे बघायचे, आणि पाहुणे म्हणायचे, "मिस्त्री, कमाल आहे तुमची." हे दिवसभर खूश.

खूश असण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमची गाडी सगळ्यात साधी, तिला इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही. गिअर कधी बदलायचा हे ह्यांनी जन्मभर आवाजावरच ठरवलेलं. आता आवाजच नाही म्हटल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचाळतेय, लोक वळून बघताहेत, आणि हे शांतपणे स्टिअरिंग धरून बसलेले. सुरू करायचे ते एकदा, मग सुरू झाली नाही असं वाटून चालू इंजिनावर पुन्हा चावी फिरवायचे. असा खर्रर्र आवाज यायचा की माझे दात आंबायचे. स्टार्टर दोनदा बदलून झाला. "हल्ली माल चांगला येत नाही," ह्यांचं म्हणणं. नाचता येईना अंगण वाकडं.

त्यात ते स्कूटरवाल्याचं झालं. हे फाटकातून गाडी मागे घेत होते आणि मागून एक स्कूटरवाला जीव तोडून हॉर्न वाजवत होता. शेवटी ब्रेक लावता लावता तो पडला. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. हे खाली उतरले, त्याला हात देऊन उठवलं, पाणी दिलं आणि वर त्यालाच विचारलं, "हॉर्न का नाही वाजवलास रे बाबा?" त्या माणसाचा चेहरा मला अजून दिसतो.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आई, रविवारी येतो आणि चावी घेऊन जातो. तू मध्ये पडू नकोस."

मुलाचं चूक नव्हतं. पण मला समोरचं घर आठवलं. आमच्या समोरच्या घरात बसचे एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. त्यांच्या मुलींनी त्यांची चावी अशीच काढून घेतली, भल्यासाठीच. तेव्हापासून ते गृहस्थ खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघतात. हाक मारली तर हसतात, पण उठत नाहीत. आमचे हे असे खुर्चीत बसले तर पुन्हा उठायचे नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि चावी गेली की दर रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर जातो तेही गेलं. बांधावर गाडी उभी करायची, थर्मासमधला चहा प्यायचा, पाणी बघायचं आणि परत यायचं. एवढीच आमची चैन. मला गाडी येत नाही. हे नेतात आणि मी जाते.

दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते. तेवढ्यात गल्लीतून कुणाची तरी गाडी गेली, ती मुलं पाइप-बिइप बदलून घेतात तसली, ढुर्रर्र करत. हे दाराकडे पाठ करून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "हवेला उघडा कोनाचा फिल्टर लावलाय. पैसे वाया घालवायचे धंदे."

मी हातातलं तसंच टाकून बाहेर आले. ह्यांनी ऐकलं होतं. मी मघापासून चहा घ्या, चहा घ्या म्हणून ओरडत होते ते नाही, दाराची घंटा नाही, पण ते ढुर्रर्र बरोबर ऐकलं होतं, आणि गाडीला काय लावलंय तेही पाठमोऱ्याने ओळखलं होतं. मनात म्हटलं, हा आवाज ह्यांना पोचतो ना? मग आपल्या गाडीला हाच बसवायचा.

सुनेला फोन केला. ती बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढते, डोकं थंड आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, गिअरचं ठीक आहे. पण मागून येणाऱ्या हॉर्नचं काय?"

"आधी पुढचं बघू," मी म्हणाले. ती शनिवारी येते म्हणाली.

स्पेअर पार्टच्या दुकानात मी एकटीच गेले. दुकानदार आमच्या ओळखीचा. मी गाडीचं नाव-गाव सांगितलं आणि म्हणाले, "याला बसेल असा उघडा फिल्टर द्या, पाइपासकट. कोनाचा."

"मावशी, नातवासाठी का?"

"नवऱ्यासाठी."

तो काउंटरवरचा हात काढून सरळ उभा राहिला. "मिस्त्रींसाठी? अहो, याच काउंटरला टेकून ते म्हणाले होते, हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला घुंगरू."

"बैलाचं मी बघते. तुमच्याकडे आहे का नाही ते सांगा."

त्याने खोका काढला. माणूस प्रामाणिक, म्हणाला, "एक सांगून ठेवतो मावशी. खोक्यावर लिहिलंय तशी ताकद-बिकद काही वाढत नाही. वाढतो तो फक्त आवाज."

"तोच पाहिजे. सगळ्यात मोठा असेल तो द्या," मी म्हणाले. "आणि हे तुमच्या-माझ्यात राहू दे."

शनिवारी दुपारी हे केस कापायला गेले. न्हाव्याकडे गर्दी असते, शिवाय न्हावी ह्यांचा जुना मित्र, एकदा बसले की दोघे तास-तास उठत नाहीत. न्हावी बोलतो आणि हे मान डोलावतात. मान डोलावली की केस कापता येत नाहीत, म्हणून आणखी वेळ. हे कोपऱ्यावरून वळले आणि दुसऱ्या बाजूने सून आली.

आता माझंही एक सांगते. अर्धं आयुष्य मी त्या वर्कशॉपमध्ये पाने हातात देण्यात घालवलंय. ह्यांची पद्धत अशी, की गाडीखालून नुसता हात बाहेर यायचा, बोलायचं नाही. त्या हाताची बोटं कशी आहेत त्यावरून मी ओळखायचे, दहाचा पाना हवाय, बाराचा हवाय, की पक्कड हवीय की नुसतं फडकं. कधी चुकले नाही. पण स्वतः नट म्हणून कधी फिरवला नव्हता. त्या दुपारी ह्यांचाच जुना अंगरखा घालून मी बॉनेट उघडलं आणि सवयीने हात मागे केला. हातात काहीच पडलं नाही.

"आई, काय देऊ?" सून म्हणाली.

"दहाचा!" मी खेकसले. मग माझं मलाच हसू आलं. तिला काय ठाऊक?

पहिलं काम बॅटरीची मायनसची वायर काढायची. ते मला झोपेत विचारलं तरी येतं. ती सोडवून बाजूला वळवून ठेवली. मग तो मोठा काळा डबा. इंजिनाला लागणारी हवा आधी या डब्यात येते, आतल्या कागदी फिल्टरमधून गाळली जाते आणि मग पाइपातून पुढे जाते. डबा हवा गाळतो आणि आवाजही दाबून ठेवतो. नव्या सामानात डबाच नाही. एक चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला उघडा, लाल, आइसक्रीमच्या कोनासारखा फिल्टर. म्हणजे इंजिन श्वास घेणार तो सगळ्यांना ऐकवून घेणार.

डब्याचे दोन बोल्ट गुमान निघाले. तिसरा गंजलेला. मी जोर लावला, सुनेने जोर लावला, मग दोघींनी मिळून लावला, तेव्हा बोल्ट सुटला आणि पान्यासकट इंजिनाच्या पोटात जाऊन पडला. खाली आलाच नाही, मध्येच कुठेतरी अडकला. या घटनेवर हे वर्कशॉपमध्ये जे शब्द वापरायचे ते सगळे मी वापरले. सून लाल झाली. मग तिने केसांची लांब पिन सरळ केली, फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक आणलं, ते दोऱ्याने पिनेला बांधलं आणि विहिरीतून पोहरा काढावा तशी वाकून एकेक वर काढलं. मनात म्हटलं, मुलाने एक काम तरी चांगलं केलंय.

नवा पाइप तिने खोक्यातल्या कागदावरचं चित्र बघून जुळवला. चित्र वाचणं तिचं रोजचंच. आधी रबरी बाही इंजिनाच्या तोंडावर चढवायची, मग त्यात पाइप, पाइपाच्या भोकात हवेचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर, आणि शेवटी फिल्टर. सगळे क्लॅम्प, म्हणजे पाइप आवळायच्या पट्ट्या, आधी सैलच ठेवायचे. सगळं बसलं आणि एक बोटभर जाड रबरी नळी लोंबकळत उरली.

"ही चित्रात नाही," सून म्हणाली. "जास्तीची असेल."

"गाडीत जास्तीचं काही नसतं," मी म्हणाले. हे वाक्य माझं नव्हे, ह्यांचं. शोध शोध शोधलं, तर पाइपाच्या खालच्या अंगाला एक छोटी तोटी होती आणि तिला रबरी बूच लावलेलं. बूच काढलं, नळी चढवली, घट्ट बसली. मग क्लॅम्प आवळायला घेतले. ते आवळताना ह्यांचा आवाज माझ्या डोक्यात स्पष्ट ऐकू येत होता, बोटांनी बसव, मनगटाने आवळ, खांद्याला मध्ये आणू नको. नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगायचे. मी खांद्याला मध्ये आणलं नाही.

बॅटरी जोडली. सून आत बसली आणि तिने चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पण आवाज पहिल्यासारखाच, तसाच खडखड. माझं तोंड उतरलं. एवढा खटाटोप करून हात हलवत परत! तेवढ्यात सुनेचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला आणि गाडी अशी गरजली की समोरचे बस-ड्रायव्हर खिडकीतून उठून दारात आले. खरंच उठून आले.

सुनेने पटकन बंद केली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि पदराने तोंड दाबून हसत होतो. तिला पदर नव्हता, तिने माझाच घेतला. जुना डबा पुसून मी पलंगाखाली सरकवून ठेवला. हे केस कापून आले आणि त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणी आलं होतं का?" मी सून येऊन गेली म्हणून ओरडून सांगितलं. तेवढं खरंच होतं.

रात्री झोप नीट लागली नाही. सकाळी मी थर्मास भरून घेतला. हे आधी बसले, मी शेजारी बसले. ह्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली, खडखडू लागली, आणि ह्यांचा हात सवयीने पुन्हा चावीकडे गेला. कोणास ठाऊक का, पण चावीला हात लागायच्या आधी ह्यांचा पाय जरासा दाबला गेला.

गाडी गरजली.

हे जागच्या जागी थांबले. हात हवेत तसाच. मग पुन्हा पाय दाबला, सोडला, दाबला. माझ्याकडे बघितलं नाही. खाली उतरले, बॉनेट उघडलं. मी मनातल्या मनात उंदराने फिल्टर कुरतडल्याची गोष्ट तयार ठेवली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी खोड. पण ह्यांनी नुसतं वाकून पाहिलं, एका क्लॅम्पवर बोट फिरवलं, लोंबणारी नळी कुठे लावलीय ते बघितलं आणि बॉनेट खाली केलं.

"कोणी बसवलं?"

"मी," मी छातीवर हात ठेवून दाखवलं.

"बरं बसवलंय," हे म्हणाले आणि गाडीत बसले.

लग्न झाल्यापासून माझ्या कामाला मिळालेलं ह्यांचं हे सगळ्यात मोठं सर्टिफिकेट.

आणि मग गाडी अशी निघाली! पहिला, दुसरा, तिसरा, प्रत्येक गिअर ज्या क्षणी पडायला हवा त्याच क्षणी. चढावर दुसरा, माथ्यावर तिसरा. गाडी कुठे कण्हली नाही की किंचाळली नाही. लोक बघत होते, पण ते वेगळ्या कारणाने. ह्यांची मान तशीच तिरकी झाली होती, गिऱ्हाईक दारात आल्यावर व्हायची तशी. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मुलगा आला की म्हणणार होते, बस शेजारी आणि बघ तुझा बाप कशी चालवतो ते. मग बोल चावीचं.

तळ्याच्या बांधावर ह्यांनी गाडी उभी केली आणि बंद केली. मी थर्मास उघडला. ह्यांनी चहा घेतला नाही. गाडी पुन्हा सुरू केली. पाय न दाबता नुसतं ऐकत राहिले. मग पाय दाबून ऐकलं. मग बंद केली. असं किती वेळा केलं कोणास ठाऊक. चहा निवला.

"कोन लावला की आवाज वाढतो," हे शेवटी म्हणाले. माझ्याशी नाही, समोरच्या पाण्याशी बोलल्यासारखं. "वाढतो म्हणजे किती? थोडा. पावपट म्हण. नवीन आवाज येत नाही. मुळात असतो तोच वाढतो."

मी थर्मासचं झाकण लावलं.

"माझ्या गाडीला आवाज नव्हता," हे म्हणाले. "शून्य होता. शून्याची पावपट वाढ शून्यच. मग हा एवढा आला कुठून?"

हे असं गाडीचं दुखणं शोधायचे. एकेक गोष्ट बाजूला करत करत, जे उरेल ते. मला पुढचं दिसत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"म्हणजे आवाज होता," हे म्हणाले. "आधीपासून होता."

आणि मग माझ्याकडे वळले. "मला का येत नव्हता?"

आता मला वाटलं, हेच ते. इतकी वर्षं जे कोणी सांगितलं नाही ते आता मी सांगायचं, आणि नीट सांगायचं. मी ह्यांचा हात हातात घेतला आणि हळूच, जपून म्हणाले, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?" हे म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

"अं? काय म्हणतेस?"

असली गोष्ट माणसाने कानात कुजबुजावी, पाठीवर हात फिरवत सांगावी. पण माझ्या नवऱ्याला ती कुजबुजून सांगता येत नव्हती, हेच तर दुखणं होतं. मी पूर्ण ताकदीने ओरडले, "तुम्हाला ऐकू येत नाही! पुष्कळ दिवस झाले! सगळ्यांना माहीत आहे!"

बांधावर फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. एक बाई कुत्र्याला घेऊन लगबगीने पुढे गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला त्या लोकांचा भयंकर राग आला. बघताय काय?

हे पुन्हा पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "तो स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता?"

मी मान हलवली.

"खूप?"

मी पुन्हा मान हलवली. ह्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, आता रागावतील, मुलावर, माझ्यावर, त्या लाल फिल्टरवर. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं, असंच मी जन्मभर ह्यांच्याबद्दल म्हणत आले. पण हे रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "मेला असता की गं तो माणूस."

परत तर जायला हवं होतं, आणि मला गाडी येत नाही. ह्यांनी माझ्या बाजूचा आरसा माझ्याकडे वळवला. म्हणाले, "तू मागचं बघ. हॉर्न वाजला की माझ्या गुडघ्यावर हात मार. विचार करत बसू नको, मार."

असे आम्ही आलो. ह्यांनी गाडी कडेकडेने, सावकाश हाकली. मी ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून कान टवकारून बसले होते. हॉर्न वाजला की थाप, की हे लगेच बाजू देत. मला माहीतच नव्हतं की रस्त्यावर एवढे हॉर्न वाजतात. घरी येईपर्यंत माझा तळहात लाल झाला.

मुलगा फाटकात उभा होता. काय बोलायचं ते पाठ करून आला होता, चेहऱ्यावरून दिसत होतं. सून त्याच्या मागे. गाडी आत घेऊन ह्यांनी बंद केली, काच खाली केली आणि मुलगा तोंड उघडायच्या आत चावी त्याच्या हातात दिली.

"उद्या कान दाखवायला घेऊन चल," हे म्हणाले. "ते डॉक्टर चालव म्हणाले तर परत मागेन. नाही म्हणाले तर ठेव तुझ्याकडेच."

मुलाचं पाठ केलेलं सगळं जागच्या जागी जिरलं. तो चावीकडे बघत उभा राहिला. सुनेने त्याच्या दंडाला धरून त्याला आत नेलं. मी म्हटलं ना, डोकं थंड आहे तिचं.

आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो. माझा हात ह्यांच्या गुडघ्यावर होता, तो मी काढला नव्हता.

"एक विचारू?" हे म्हणाले. "तू इतके दिवस बोलत होतीस?"

"कधी?" मी खुणेने विचारलं.

"कधीही. गाडीत. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असायचीस तेव्हा. दिवा मालवल्यावर."

मी मान डोलावली. बोलत होते की. न बोलता राहणारी बाई मी दिसते का?

"मला वाटायचं, तू रागावली आहेस," हे म्हणाले. "म्हणून बोलत नाहीस. काय चुकलं ते काही कळेना. विचारावं तर आणखी चिडशील. म्हटलं, असू दे, निदान आठवड्यातून एकदा तळ्यावर तरी नेऊन आणावं हिला. तिथे तुला बरं वाटतं."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. मी समजत होते, ह्यांना गाडी चालवायला मिळावी म्हणून मी जाते. माझा जीव त्या चावीसाठी तुटत होता तो ह्यांच्यासाठी, आणि ह्यांनी ती चावी धरून ठेवली होती ती माझी समजूत काढायला.

मी सरकून ह्यांच्या कानाला तोंड लावलं. "रागावले नव्हते. ओरडून ओरडून दमले होते."

ह्यांनी ऐकलं. "मग आता बोल," हे म्हणाले.

"आज नाही. घसा बसलाय."

"घशाला काय झालं?"

"तळ्यावरचा वारा. मला तो सोसतच नाही. दर वेळी घरी येऊन दोन दिवस खोकते मी."

हे माझ्याकडे वळले. खरोखर दुखावले होते. "अगं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की हो," मी ह्यांच्या कानात म्हणाले. "दर वेळी सांगत होते."